सहा फुटी टाकी, एक फुटी मासा

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयात एक सनफिश आणला तेव्हा त्याचे वजन २६ किलो होते. पंधरा महिन्यांनी ते ३९९ किलो भरले, म्हणजे जवळजवळ रेड्याचा तोल. मोठी मत्स्यालये अशा वाढीची तयारी ठेवूनच मासा आणतात. त्यांच्याकडे लाखो लिटर पाणी असते, मासा उचलायची यंत्रे असतात, पशुवैद्य असतात. दिवाणखान्यात समुद्री मासे पाळणाऱ्याकडे असते एक काचेची टाकी, आणि ती बहुधा कोणता मासा आणायचा हे ठरण्याआधीच घेतलेली असते.

सनफिश घरी कोणी आणत नाही. पण पँथर ग्रूपर आणतात. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, पर हलवत डुलत चालणारा, बोटभर लांबीचा हा मासा दुकानात पाहिला की पाय निघत नाही. कोकणात ज्याला गोब्रा म्हणतात त्याच्याच कुळातला हा. पूर्ण वाढला की ७० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि हाँगकाँगच्या हॉटेलांत जिवंत निवडून शिजवायला देण्याच्या महागड्या माशांत त्याची गणना होते. गोल्डन ट्रेव्हलीचे पिल्लू पिवळेधमक, काळ्या पट्ट्यांचे असते आणि मोठ्या माशांच्या पुढेमागे लगबगीने पोहते. त्याची वाढ मीटरभर. ‘बंबलबी ग्रूपर’ या गोड नावाने जे काळेपिवळे पिल्लू विकले जाते, तो खरे तर जायंट ग्रूपर असतो. प्रवाळखडकांत राहणाऱ्या हाडमाशांत याच्याएवढा मोठा मासा नाही. तो अडीच मीटरच्याही पुढे वाढतो, आणि भारतात २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले.

दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, “मासा टाकीएवढाच वाढतो, साहेब.” ही समजूत जगभर आहे आणि कमालीची चिवट आहे. अपुऱ्या टाकीत माशाची वाढ मंदावते हे खरे. पण ती मंदावते साचलेल्या उत्सर्जनाने, ताणाने आणि आजाराने. टाकीचे माप पाहून मासा शहाणपणाने थांबतो असे काही होत नसते. शिवाय ज्या टाकीत पाणी नीट राखले आहे, खाणे भरपूर आहे, तिथे तो थांबतही नाही.

मग टाकी किती मोठी घ्यायची? जुनी पुस्तके उत्तर देत ते ‘एक गॅलनला एक इंच मासा’ या सूत्राने. हे सूत्र गोड्या पाण्यातल्या गप्पी, टेट्रा अशा बोटभर माशांसाठी कसेबसे चालते. मोठ्या माशाला लावले की फसते, कारण लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. तीन सेंटिमीटरचा मासा तीस सेंटिमीटरचा झाला तर, अंगाची ठेवण तीच धरली, त्याचे वजन हजारपट होते. सूत्राच्या हिशेबात तीन सेंटिमीटरचे दहा मासे आणि तीस सेंटिमीटरचा एक मासा सारखेच. प्रत्यक्षात तो एकटा मासा त्या दहांच्या शंभरपट वजनाचा असतो, आणि त्याचे खाणे, श्वसन, मलमूत्रही त्याबरोबर वाढलेले असते. अगदी शंभरपट नसेल, पण सूत्राने सुचवलेल्या बरोबरीच्या कितीतरी पुढे.

खाऱ्या पाण्यात हा हिशेब आणखी कडक होतो. गोड्या पाण्याच्या तुलनेत समुद्राच्या पाण्यात प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी घटतो. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. गोड्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असेल तर त्या अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ ठेवावा लागतो, आणि तिथे विषारी अमोनियाचे प्रमाण कितीतरी पटींनी चढते. जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये जमायला काही आठवडे जातात. टाकी आणली त्याच आठवड्यात मोठा मासा सोडला की आठवडाभरात तो पोट वर करून तरंगतो, आणि दोष दुकानदाराला दिला जातो.

एवढे सगळे वाचल्यावर वाटेल की प्रश्न लिटरांचा आहे. इथेच बहुतेकांची खरेदी चुकते.

भारतातल्या दुकानांत टाकी फुटांत मोजतात, ते सोयीचेही आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला २८ ने गुणायचे. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावते. आता तीन टाक्या घेऊ. पहिली सहा बाय दोन बाय दोन. दुसरी चार बाय तीन बाय दोन. तिसरी चार बाय दोन, पण उंची तीन फूट. तिन्हींचा गुणाकार २४, म्हणजे तिन्हींत सुमारे ६८० लिटर पाणी. कागदावर तिन्ही एकच. माशाच्या दृष्टीने तीन वेगळी घरे. पहिलीत सरळ पोहायला सहा फूट मिळतात. दुसरीत लांबी कमी, पण वळायला ऐसपैस. तिसरी बैठकीच्या कोपऱ्यात सर्वांत देखणी दिसते आणि माशाला सर्वांत निकामी असते: पाण्याचा हवेशी लागणारा पृष्ठभाग पहिल्या दोन टाक्यांत १२ चौरस फूट, हिच्यात फक्त ८. प्राणवायू आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो मुख्यतः या पृष्ठभागातून. (परदेशी पुस्तकांत आकडे गॅलनमध्ये असतात, तेव्हा गॅलन अमेरिकन की ब्रिटिश हे आधी पाहावे. १८० अमेरिकन गॅलन म्हणजे आपली ही सहा फुटी टाकी. १८० ब्रिटिश गॅलन म्हणजे ८१८ लिटर.)

जाणकार हौशी लोक म्हणून लिटरांऐवजी माशाच्या लांबीवरून अंदाज बांधतात. पूर्ण वाढलेल्या माशाच्या सहापट टाकीची लांबी, दुप्पट रुंदी. हा काही निसर्गनियम नव्हे, ठोकताळाच आहे, पण तो योग्य दोन गोष्टी मोजतो: मासा किती अंतर सरळ पोहू शकेल आणि अंग न मुडपता वळू शकेल का. पँथर ग्रूपरला तो लावून पाहा. ७० सेंटिमीटरचा मासा आणि दोन फुटी रुंदी म्हणजे ६१ सेंटिमीटर. माशाहून टाकीच अरुंद.

आता डोरीकडे वळू. ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट २००३ मध्ये आला आणि त्यातली डोरी, म्हणजे निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा ब्लू टँग, घराघरांत ओळखीचा झाला. २०१६ मध्ये ‘फाइंडिंग डोरी’ आला तेव्हा या माशांची मागणी भडकेल अशी भीती सर्वत्र व्यक्त झाली. ऑक्सफर्डमधल्या दिओगो व्हेरिसिमो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आकडे तपासले, तेव्हा लोकांनी या माशाबद्दल शोध जास्त घेतलेला दिसला, अमेरिकेतली आयात वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. त्याच २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या रस्किन इथल्या प्रयोगशाळेत या माशाची पैदास बंदिवासात प्रथमच साधली.

डोरी दुकानात येते ती दोन-तीन इंचांची. तेवढ्या आकारात ती तीन फुटी टाकीतही मजेत दिसते. पूर्ण वाढ मात्र ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. सर्जनफिश कुळातल्या सगळ्यांसारखे हिच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटे असतात. समुद्रात ती प्रवाळखडकाच्या बाहेरच्या, प्रवाह असलेल्या अंगाला राहते, थव्याने वर उघड्या पाण्यात येऊन तरंगते सूक्ष्म जीव टिपते आणि धोका दिसला की प्रवाळाच्या फांद्यांत अंग कोंबून बसते. घाबरली की टाकीत आडवी पडून मेल्याचे सोंगही करते. नव्या मालकाची त्या दिवशी झोप उडते. दिवसभर ये-जा करणे हे तिचे जगणे असल्याने तिच्याबाबत लांबीला पर्याय नाही. सहापट लांबी म्हणजे १८० सेंटिमीटर, दुप्पट रुंदी म्हणजे ६०. सहा फुटी टाकीचे माप तंतोतंत निघते, आणि तेही एका डोरीसाठी. उंची दोनऐवजी अडीच फूट केली म्हणून तिचा काही फायदा होत नाही.

हाच ठोकताळा एम्परर एंजलला लावला की तो ४० सेंटिमीटरचा असल्याने आठ फूट लांबी आणि अडीच-पावणेतीन फूट रुंदी लागते. नासो टँग ४५ सेंटिमीटरचा. त्याला नऊ फूट. टाकीतले मासे बहुधा पुस्तकातली कमाल लांबी गाठत नाहीत, त्यामुळे फूटभर सूट घ्यायला हरकत नाही. पण चार फुटी टाकीत नासो ठेवून ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याने तो ‘नंतर’ कधी येणार याची तारीख आजच लिहून ठेवावी.

सगळे मोठे मासे असे धावरे नसतात. स्नोफ्लेक मोरे ईल टाकीत ६० ते ७५ सेंटिमीटरची होते, म्हणजे डोरीच्या दुप्पट लांब. तरी ती चार फुटी टाकीत सुखाने नांदते, कारण तिचा बराचसा दिवस दगडाच्या कपारीतून तोंड बाहेर काढून बसण्यात जातो. तिला हवी असते लपायला बोगदावजा जागा, आणि टाकीवर एकही फट नसलेले झाकण. फट राहिली तर रात्री ती तिथूनच पसार होते. ग्रूपर दबा धरून शिकार करणारा, त्यालाही लांब धाव लागत नाही, रुंदी मात्र हवीच. पॉर्क्युपाइन पफर म्हणजे काटेरी केंड. हा आळशी दिसतो, साधारण ३० सेंटिमीटर आणि क्वचित ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि शिंपले-खेकडे चावून अर्धे टाकीभर उधळतो. त्याच्यासाठी टाकी मोठी घ्यावी लागते ती पोहण्यापेक्षा घाणीच्या हिशेबाने.

बांबू शार्क ही लहानशी मुशी वाळूवर पोट टेकून पडून राहते, मीटरभर वाढते. पाकटाचेही तसेच. यांच्यासाठी उंची जवळजवळ निरर्थक असते आणि तळाचे क्षेत्रफळ सर्वस्व. दीड फूट पाणी आणि आठ बाय चार फुटांचा दगडविरहित वाळूचा तळ त्यांना तीन फूट खोल अरुंद टाकीपेक्षा कितीतरी मानवतो. उलट टोकाला आहे बॅटफिश. पिल्लू असताना हा पाण्यावर तरंगणाऱ्या वाळक्या पानाची नक्कल करतो. पर इतके लांब की उभे माप आडव्यापेक्षा जास्त. मोठेपणी अर्धा मीटर. मोठ्या माशांत खोल टाकी खरोखर ज्याला लागते असा हा विरळा, आणि नुसती खोल असून भागत नाही, लांब-रुंदही लागते.

माशाची चाल त्याच्या लांबीपेक्षा निर्णायक ठरते याचे ठळक उदाहरण मोठ्या मत्स्यालयांतूनच मिळते. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात जिन्ता नावाचा आठ मीटरहून लांब व्हेल शार्क ७५ लाख लिटरच्या टाकीत पोहतो. तो १९९५ पासून बंदिवासात आहे. संथपणे फेऱ्या मारत सूक्ष्म जीव गाळून खाणारा हा प्राणी. त्याच मत्स्यालयात जानेवारी २०१६ मध्ये साडेतीन मीटरचा ग्रेट व्हाइट शार्क आणला, तो तीन दिवसांत मेला. मॉन्टेरेने २००४ मध्ये एक लहान मादी सुमारे ३८ लाख लिटरच्या टाकीत १९८ दिवस जगवली, त्याआधी कोणालाच हे महिनाभरही जमले नव्हते. अखेर तिने टाकीतल्या दोन शार्कना चावून मारले आणि तिला समुद्रात सोडावे लागले.

टँग जातीच्या माशांच्या डोक्यावर आणि अंगाच्या कडेने चरे पडून कातडी झिजते, हा हौशी लोकांना भेडसावणारा आजार. वर्षानुवर्षे त्याचे खापर लहान टाकीवर फोडले जाई. २०११ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयात सर्जनफिशवर झालेल्या प्रयोगात फिल्टरमधल्या लिग्नाइट कोळशाशी याचा थेट संबंध दिसला. म्हणजे टाकीचा आकार सगळ्या रोगांचे मूळ नाही. मोठी टाकी आणली की बाकीचे आपोआप निभेल, असे मानणारेही तितकेच फसतात.

आणि मोठी टाकी आणायची म्हणजे कुठे आणायची? सहा फुटी टाकीतल्या पाण्याचे वजन ७०० किलो. समुद्राचे पाणी लिटरला किलोपेक्षा थोडे जडच भरते. १२ मिलिमीटर काचेचे सव्वाशे किलो. स्टँड, दगड, वाळू धरून टन होतो. तो उभा असतो बारा चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला नऊशे किलोच्या आसपास. भारतीय मानक ८७५ नुसार घरातल्या खोल्यांच्या जमिनीसाठी धरला जाणारा चलभार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो. हा आकडा सबंध खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे टाकी ठेवताक्षणी स्लॅब कोसळेल असे नाही. तरी मुंबई-पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटमध्ये ती खोलीच्या मधोमध मांडणे म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या सहनशीलतेची परीक्षा. टाकी तुळईवर किंवा भिंतीलगत, तुळईला आडवी येईल अशी ठेवावी, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा दाखवावे. त्याची फी टाकीच्या खर्चापुढे किरकोळ असते.

उंच टाकीचे आकर्षण इथेही महागात पडते. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो. उंची दुप्पट केली की त्याच लांबीच्या काचेवरचा एकूण जोर चौपट होतो. म्हणून उंच टाकीची काच जाड, वजन जास्त, किंमत भलतीच. आतला कोपरा घासायला खांद्यापर्यंत हात बुडवावा लागतो तो वेगळाच. बर्लिनमधल्या एका हॉटेलातला ॲक्वाडोम हा १० लाख लिटरचा उंच दंडगोल १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटला तेव्हा सुमारे दीड हजार मासे आणि सगळे पाणी हॉटेलच्या आवारातून रस्त्यावर आले.

पाणी भरण्यापुरताच खर्च नसतो. ६८० लिटरला सुमारे २५ किलो समुद्री मीठ लागते. दर महिन्याला पाचवा हिस्सा पाणी बदलले तर पाच किलो मीठ आणि १३५ लिटर आरओचे पाणी. एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान तिशी ओलांडते आणि प्रवाळखडकातल्या माशांना २४ ते २७ अंश मानवतात, तेव्हा चिलर लागतो. वीज गेली की पंप थांबतो, आणि वर सांगितलेला प्राणवायूचा तुटवडा तासांत जाणवू लागतो. बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा. इथे मात्र जास्त लिटर खरोखर कामी येतात, कारण जास्त पाणी हळू तापते आणि हळू बिघडते. म्हणून टाकीखाली सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, जोडतात. सम्पने पाणी वाढते. माशाला पोहायला मिळणारी लांबी एक इंचही वाढत नाही. विक्रेते दोन्हींची बेरीज करून ‘हजार लिटरची सिस्टीम’ म्हणतात तेव्हा दाखवायच्या टाकीचे माप वेगळे विचारून घ्यावे.

माप चुकले आणि मासा मावेनासा झाला, तर? सार्वजनिक मत्स्यालये सहसा असे मासे घेत नाहीत, दुकानदार पडत्या भावातही नको म्हणतो. समुद्रात सोडून देणे हा सुटकेचा मार्ग वाटतो, पण तो घातक आहे. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम सापडला; तो हौशी लोकांच्या टाक्यांतून तिथे पोचला असावा असे मानले जाते. आज कॅरिबियन समुद्रभर त्याने स्थानिक लहान माशांचा फडशा चालवला आहे.

ज्याच्या घरात चार बाय दोन बाय दोनपेक्षा मोठी टाकी मावत नाही त्याने मासा बदलावा. ही टाकी ४५० लिटरची. कोल टँग १८ सेंटिमीटरचा. सहापट केले तरी १०८, टाकी १२२. सर्जनफिशचा डौल हवा असेल तर हा घ्यावा. एम्परर एंजलऐवजी फ्लेम एंजल, लालभडक आणि फार तर १५ सेंटिमीटर. मोठ्या लायनफिशच्या जागी फझी ड्वार्फ लायनफिश, १७ सेंटिमीटर. काटेरी केंडाऐवजी वॅलेंटिनी पफर, ११ सेंटिमीटर. स्नोफ्लेक मोरेचे वर आलेच आहे. हे सगळे एकाच टाकीत कोंबायचे नसतात, हेही सांगायला हवे. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो, आणि वॅलेंटिनीला दुसऱ्यांचे लांब पर कुरतडायची खोड असते, तेव्हा या दोघांतला एकच निवडावा. लायनफिश निवडला तर पहिले काही दिवस तो मेलेल्या खाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जिवंत कोळंबीने सुरुवात करून मग गोठवलेली कोळंबी चिमट्यात धरून त्याच्यासमोर हलवत राहावी लागते.